झेरमॅट : मोटारमुक्त गावातील स्की-सुट्टी

स्वित्झर्लंडच्या वाले कँटनमधील, मॅटरहॉर्न (४,४७८ मी.) शिखराच्या पायथ्याशी सुमारे १,६०० मी. उंचीवर वसलेले पर्यटनग्राम. पेट्रोल-डिझेलवरील खाजगी मोटारींना येथे मज्जाव आहे. या बंदीकडे जुनेपण जपण्याची हौस म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ती वाहतुकीची पूर्ण विचारांती उभी राहिलेली व्यवस्था आहे, आणि तिचे मूळ रेल्वेत आहे. १८६५ साली एडवर्ड व्हिम्परच्या तुकडीने मॅटरहॉर्न सर केला. उतरताना सातांपैकी चौघे मृत्युमुखी पडले आणि गावाचे नाव युरोपभर झाले. १८९१ मध्ये दरीच्या तोंडाशी असलेल्या फिस्प गावाहून येथवर रेल्वे आली, १८९८ मध्ये गावावरच्या गॉर्नरग्राट कड्यावर जाणारा दंतुर (दातेरी रुळाचा) लोहमार्ग सुरू झाला. मोटारींचा जमाना येण्याआधीच गावाची गरज रुळांनी भागवली होती. सुरुवातीला गाडी उन्हाळ्यातच धावे. हिमस्खलनापासून रुळांचे रक्षण करणारी बांधकामे झाल्यावर १९३० च्या दशकात हिवाळी वाहतूक नियमित झाली आणि स्कीचा हंगाम स्थिरावला.

आजही मोटारीने येणारा पर्यटक पाच कि.मी. अलीकडे टेश येथे गाडी ठेवतो आणि सुमारे बारा मिनिटांत रेल्वेने गावात पोहोचतो. पुढे पायी, विजेवरच्या बसने किंवा अरुंद, चौकोनी विद्युत टॅक्सीने. स्कीपटूच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे. कडक बुटांत, खांद्यावर स्की घेऊन चालणे मुळात अवघड; त्या रस्त्यावर मोटारींची रांग नसणे ही सोयच होय. शिवाय चिंचोळ्या दरीत हिवाळ्यात थंड हवा तळाशी कोंडते आणि धूर तिच्यातच साचून राहतो. ज्या गावाची उपजीविका स्वच्छ हवेवर आणि एका शिखराच्या दर्शनावर चालते, त्याला तो परवडणारा नाही.

आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. मोटार नाहीशी झाली नाही, टेशला सरकली, हे खरेच. वाहनतळाचा भार शेजारच्या गावाने वाहायचा, यात अन्यायाचा अंश आहे. परंतु शेवटच्या टप्प्यातील गर्दी रुळांवर गेली, हा लाभ त्यामुळे खोटा ठरत नाही. विद्युत टॅक्सींचीही वर्दळ होते, पण गाड्यांना परवाना लागतो आणि म्हणून संख्येवर अंकुश राहतो. अशी गावे संकटात एकाकी पडतात, हा आक्षेप अधिक गंभीर. जानेवारी २०१८ मध्ये अतिहिमवृष्टीमुळे सुमारे १३,००० पर्यटक येथे अडकले आणि काहींना हेलिकॉप्टरने हलवावे लागले. मात्र तेव्हा रेल्वेबरोबर दरीतला रस्ताही बंद होता. संकट हिमस्खलनाचे होते. मोटारबंदी उठवून ते टळले नसते.

महाराष्ट्रात मोटारी दस्तुरी नाक्याशी थांबवणारे माथेरान याच जातीचे. मात्र तेथील छोट्या रेल्वेची सेवा पावसाळ्यात आणि दरडींमुळे खंडित होत आली आहे, आणि पर्यायी वाहन कोणते असावे यावर वाद चालतो. बंदीइतकेच महत्त्व भरवशाच्या पर्यायाला असते, हे झेरमॅटवरून दिसते. तेथे जाणाऱ्याने फिस्पपासूनच रेल्वे धरावी. टेशच्या वाहनतळाचीही गरज उरत नाही.