पाव, खिमा आणि पंगत

तव्यावर कांदा, आलें व लसूण परतून त्यांत खिमा घालावा. पाणी आटून कडेनें तेल सुटूं लागलें म्हणजे वर चीजचा काप ठेवून तो वितळूं द्यावा, आणि सर्व एकजीव झाल्यावर लोण्यांत शेकलेल्या पावांत भरून उभ्याउभ्या खावें, ही कृति आज अमरावती-अकोल्याकडील कॉलेजांत जाणाऱ्या पुष्कळ मुलांस त्यांच्या आईपेक्षां चांगली अवगत असते. न्यूयॉर्कमध्यें हाच पदार्थ गोमांसाचा करितात. आपल्या मध्यमवर्गीय घरांत, जेथें मांस चालतें तेथें, खिमा म्हणजे बोकडाचा ही जुनी वहिवाट आहे. तिला कायद्याचीही जोड मिळाली आहे. गाईच्या कत्तलीस महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें मनाई झाली, आणि २०१५ सालीं ती बैल व वळू यांनाही लागू झाली. १९९६ सालीं मॅक्डोनाल्ड कंपनी हिंदुस्थानांत आली, तेव्हां तिनेंही गोमांस वगळूनच आपलें दुकान मांडलें.

अशा चटपटीत खाण्याचा इतिहास तो काय लिहावयाचा, असें एखादा वाचक म्हणेल. परंतु यांतील खिमा व चीज क्षणभर बाजूस ठेवून नुसता पाव हातीं घेतला, तरी तो तोंडांत घालणें हें एके काळीं महाराष्ट्रांत धर्म सोडण्याइतकें मोठें कृत्य होतें, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

पाव हा शब्द पोर्तुगीज. शेराच्या पाव हिश्शाशीं त्याचा संबंध नाहीं, आणि पायांनीं कणीक तुडवितात म्हणून पाव, ही व्युत्पत्ति तर निव्वळ टिंगल आहे. मात्र ती टिंगल ज्या किळसेंतून निघाली ती किळस खरी होती. गोव्यांत पोर्तुगीजांस आपल्या देशाचें किण्व मिळेना, म्हणून माडाच्या ताडीनें पीठ फुगविण्याची युक्ति निघाली. म्हणजे सोंवळें पाळणाऱ्याच्या दृष्टीनें एका पावांत किती दोष एकवटले पहा! पीठ मळलें परक्याच्या हातानें, त्यांत पाणी परक्याच्या घरचें, आंबविलें तें ताडीनें, आणि भाजणारा ख्रिस्ती किंवा मुसलमान. वसई व गोवा या बाजूस विहिरींत पाव टाकून गांवेंच्या गांवें बाटविल्याच्या कथा सांगतात. त्या अक्षरशः घ्याव्या किंवा नाहीं हा प्रश्न वेगळा; पण नकळत तें पाणी प्यालेल्या माणसाला परत घरांत घेतां येत नाहीं, अशी ज्या समाजाची समजूत होती, त्याच समाजांत अशा कथा जन्म घेऊं शकतात.

म्हणूनच मुंबईंतील पहिल्या सुधारकांनीं आपल्या दीक्षेसाठीं नेमका पावच निवडला. १८४९ सालीं स्थापन झालेली परमहंस सभा ही गुप्त मंडळी. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे प्रवर्तक, राम बाळकृष्ण जयकर हे अध्यक्ष. नव्या सभासदानें जातिभेद मानीत नाहीं असें नुसतें तोंडानें म्हणून भागत नसे. त्यानें ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खावयाचा व मुसलमानाच्या हातचें पाणी प्यावयाचें. बंद दाराआड खाल्लेला तो घास गिळतांना एखाद्या तरुणाच्या घशाला किती कोरड पडली असेल, याची कल्पना आज करणें कठीण आहे. १८६० च्या सुमारास सभासदांची नांवें असलेली वही चोरीस गेली आणि मंडळी भयानें पांगली. या लोकांस भित्रे म्हणून हिणविण्याची पद्धत आहे. मला तें न्याय्य वाटत नाहीं. वहिष्कार पडला तर मुलीचें लग्न अडे, प्रेताला खांदेकरी मिळत नसत. हें सर्व डोळ्यांपुढें असतां त्यांनीं तो घास घेतला होता. पुढें १८६७ सालीं प्रार्थना समाज निघाला, त्यांत दादोबांचे बंधु आत्माराम पांडुरंग प्रमुख होते. पण पावाची ती अट मागें पडली, आणि सुधारणेचा कडकपणाही, माझ्या मतें, तेथेंच थोडा मऊ झाला.

पुण्याचें पंचहौद मिशनचें प्रकरण सर्वांस ठाऊक आहे. १८९० सालीं तेथील एका सभेनंतर चहा व बिस्किटें पुढें आलीं. कोणी घेतलीं, कोणी केवळ शिष्टाचार म्हणून पेला हातीं धरिला. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें छापून आणिलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि टिळक व रानडे या दोघांच्याही मागें प्रायश्चित्ताचा प्रश्न लागला. १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें तेव्हां त्यांचे सुधारक मित्रच अधिक दुखावले. एक पेला चहा!

आमच्या वऱ्हाडांत या गोष्टी उशिरा आल्या. १८५३ सालीं हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आला, १८६७ सालीं आगगाडी नागपुरापर्यंत पोंचली, आणि कापसाच्या गांठींबरोबर मुंबईच्या संवयींचीही ये-जा सुरू झाली. मात्र भाजलेल्या गव्हाच्या अन्नासाठीं वऱ्हाडाला पोर्तुगीजांची वाट पाहावी लागली नव्हती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे, पानांत थापून भाजलेले पानगे, आणि सोबत वांग्याची भाजी, हें शेतांतील जेवण ज्यानें चाखलें आहे त्याला पावाचें फारसें कौतुक वाटूं नये. चीजची गोष्ट निराळी. दूध फाटलें म्हणजे मराठी माणूस तें ‘नासलें’ म्हणतो. जी क्रिया युरोपांत एका पक्वान्नाचा आरंभ ती आपल्या भाषेंत नाशाचें नांव घेऊन बसली आहे. शब्दांतच जेथें तिरस्कार, तेथें चीज घरांत यावयास विसावें शतक उजाडावें लागलें यांत नवल नाहीं.

आतां सँडविचकडे वळूं. गिबननें आपल्या रोजनिशींत १७६२ सालीं हा शब्द लिहिला आहे. लंडनच्या एका क्लबांत बडे लोक थंड मांस किंवा सँडविच खात बसल्याचें तो सांगतो. अर्ल ऑफ सँडविच याला बैठकीवरून उठावयाचें नव्हतें म्हणून पावाच्या दोन कापांत मांस घालून हा पदार्थ निघाला, असें म्हणतात. कसेंही असो, त्याला ताट लागत नाहीं, पाट लागत नाहीं, आणि म्हणून पंगतही लागत नाहीं. आमची पंगत म्हणजे समाजाचा नकाशाच: कोण कोणाशेजारीं, कोण ओसरीवर, कोण अंगणांत, कोण उकिरड्याकडे. हातांत धरून खावयाच्या पदार्थाला असा नकाशा काढतांच येत नाहीं.

मांसाचा प्रश्न याहून बिकट. महाडला १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मेलेल्या जनावराचें मांस सोडण्याचा उपदेश केला. त्याच वर्षीं अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला. १९४८ सालीं अस्पृश्यतेच्या उगमावर ग्रंथ लिहितांना त्यांनीं गोमांसभक्षणालाच तिच्या मुळाशीं नेऊन बसविलें. अमेरिकेंत जें स्वस्त न्याहारीचें मांस, त्यावरून येथें माणसें अस्पृश्य ठरलीं असें त्यांचें प्रतिपादन. आणि याच जिल्ह्यांतील गाडगेबाबांनीं मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोड जेवण घातलें व जन्मभर पशुहत्येविरुद्ध कीर्तनें केलीं. त्यांचा विरोध सोंवळ्याचा नव्हता, कर्जाचा व करुणेचा होता. मांस न खाणारे सगळे एकाच कारणानें खात नाहींत, हें आपण फार वेळां विसरतों.

दरम्यान, छापील पाकशास्त्रानें आपलें काम मुकाट्यानें केलें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालीं निघालें, त्यांत मांसमच्छीचे पदार्थ कसलाही संकोच न करितां दिले आहेत. सभा-परिषदांना जें साधलें नाहीं, तें ‘मीठ चवीपुरतें’ म्हणणाऱ्या पुस्तकानें साधलें असेल.

अकोल्याला माझ्या आजीच्या घरीं पाव येई तो फक्त आजाऱ्यासाठीं. वैद्याचें औषध आणि तो पाव ओसरीवरील एकाच कोनाड्यांत असत. दुधांत बुडवून खाल्ल्यावर वाटी बाहेरच विसळावी लागे. आज त्याच घरांत माझा पुतण्या चीज घालून खिमा-पाव करितो, आणि आम्ही सारे तो आवडीनें खातों. फक्त त्याची कढई निराळी आहे, ती मागील अंगणांतल्या शेगडीवर चढते, आणि काम झालें कीं तिथल्याच खुंटीला लटकते.