टोकोआचा बांध आणि शिलोहाचा बुरूज

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाल्याचा उल्लेख लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येतो. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभू येशूने ऐकणाऱ्यांपुढे ठेवला आणि त्याचे नकारार्थी उत्तरही स्वतःच दिले. बुरूज का पडला, त्याची डागडुजी कोणाकडे होती, हे मात्र शुभवर्तमानकार सांगत नाही. विसाव्या शतकातील एका दुर्घटनेबाबत हेच प्रश्न विचारले गेले आणि त्यांची उत्तरे नोंदलीही गेली. तिचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या ईशान्य भागात टोकोआ नावाचे शहर आहे. त्याच्याजवळ 186 फूट उंचीचा धबधबा आहे. रिचर्ड फॉरेस्ट या धर्मोपदेशकाने 1907 साली स्थापन केलेली एक प्रॉटेस्टंट बायबल-शिक्षणसंस्था 1911 पासून या धबधब्याच्या परिसरात नांदत आहे. धबधब्याच्या वरच्या अंगाला, ओढ्यावर, 1899 च्या सुमारास लाकडी चौकटीत दगड भरून एक बांध घालण्यात आला होता. 1937 च्या सुमारास संस्थेला विजेची गरज भासली, तेव्हा या जुन्या बांधावरच मातीचा भराव टाकण्यात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची उंची आणखी वाढविली गेली. अशा रीतीने सुमारे 40 फूट उंचीचे व 400 फूट लांबीचे ‘केली बार्न्स’ धरण आकारास आले. 1957 साली वीजनिर्मिती बंद झाली आणि मागे उरलेला जलाशय केवळ करमणुकीचे स्थान ठरला.

या बदलाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते. ज्या धरणावर वीज चालते, त्याच्याकडे कोणाचे ना कोणाचे रोज लक्ष असते. पाणी कमी झाले किंवा गळती वाढली तर काम अडते. यंत्र थांबले की ही रोजची देखरेखही थांबण्याचा धोका असतो. पाणी तितकेच राहते, भरावावरील भारही तितकाच राहतो. मात्र लोकांच्या लेखी ते धरण उरत नाही, तळे होते.

केली बार्न्सची प्रकृती ठीक नव्हती. त्याच्या बांधकामाचे आराखडे चौकशीच्या वेळी कोठेही सापडले नाहीत. पाण्याच्या विरुद्ध बाजूचा उतार जवळजवळ 45 अंशांचा, म्हणजे मातीच्या भरावास न पेलणारा होता. त्यावर झाडे वाढली होती. 1973 साली घेतलेल्या एका छायाचित्रात त्या उताराचा एक भाग घसरलेला स्पष्ट दिसतो. पायथ्याशी पाझरही होता. ही लक्षणे दिसण्याजोगी होती. त्यांचा अर्थ लावून उपाय करणारे कोणी नव्हते.

नोव्हेंबर 1977 च्या पहिल्या आठवड्यात तेथे मोठा पाऊस झाला. 2 ते 5 तारखांत सुमारे 7 इंच पाऊस पडला आणि त्यातला निम्मा 5 तारखेच्या संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंतच्या काही तासांत कोसळला. 6 तारखेस, रविवारी, पहाटे दीडच्या सुमारास धरण फुटले. तळ्यात त्या वेळी सुमारे पावणेआठ लाख घनमीटर पाणी होते. ते धबधब्यावरून खाली झोपलेल्या वस्तीवर आले. नऊ घरे, अठरा फिरती घरे आणि संस्थेच्या दोन इमारती नष्ट झाल्या. 39 जण मरण पावले. त्यांतील 20 बालके होती.

संघराज्य सरकारच्या चौकशी मंडळास एकच एक कारण निश्चित करता आले नाही. त्याच्या मते बहुधा असे घडले असावे: पाझरणाऱ्या पाण्याने आतील माती वाहून नेत पोकळ वाट केली, उभ्या उताराचा एक भाग घसरला, त्यामुळे माथा एका ठिकाणी खचला, तेथून वाहू लागलेल्या पाण्याने भराव कापला आणि अखेरीस सारा बांध कोसळला.

धरणांच्या तपासणीचा कायदा त्या देशात 1972 सालीच झाला होता. धरणांची यादीही तयार झाली होती. परंतु खासगी धरणांची तपासणी निधीअभावी रखडली होती. टोकोआच्या दुर्घटनेनंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ती सुरू करण्याचा आदेश दिला. कार्टर हे जॉर्जियाचेच सुपुत्र होते, आणि त्यांच्या पत्नी रोझलिन यांनी लगोलग टोकोआला भेट दिली होती. 1981 पर्यंत सुमारे 9,000 धोकादायक स्थानी असलेली धरणे तपासण्यात आली. त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश असुरक्षित आढळली. 1978 साली जॉर्जियानेही स्वतःचा धरण-सुरक्षा कायदा केला.

टोकोआच्या शोकग्रस्तांनी आपला विश्वास ढळू दिला नाही, याची साक्ष त्या काळी अनेकांनी दिली. ती आम्हांस पूज्य वाटते. मात्र मृतांना परमेश्वराच्या हाती सोपविणे निराळे आणि बांधाची जबाबदारी त्याच्यावर टाकणे निराळे. बुरुजाची गोष्ट सांगून प्रभूने मेलेल्यांवरचा दोष दूर केला आणि लगेच जिवंतांना पश्चात्तापाची हाक दिली. ती हाक प्रथम अंतःकरणाला आहे, यात शंका नाही. पण कारभारी म्हणून आपल्या हाती जे सोपविलेले आहे, त्यालाही ती लागू पडते असे आम्ही मानतो. चाळीस फुटी बांधाखाली मुले झोपत असतील, तर त्याच्या उतारावरचे झाड वेळीच काढणे, पाझराचे पाणी स्वच्छ येते की गढूळ हे पाहणे आणि सांडवा मोकळा ठेवणे ही शेजाऱ्यावरील प्रीतीचीच कामे होत.

आपल्या देशात धरण सुरक्षा कायदा 2021 साली झाला. 15 मीटरपेक्षा उंच धरणे त्याच्या कक्षेत येतात. 10 ते 15 मीटर उंचीची धरणे मात्र लांबी, साठा, पुराचा विसर्ग, पाया वा रचना यांविषयीची एखादी अट पूर्ण करीत असतील तरच येतात. लांबीची अट 500 मीटर आणि साठ्याची 10 लाख घनमीटर आहे. केली बार्न्सची लांबी सुमारे 122 मीटर होती, साठा आपण वर पाहिलाच. या दोन्ही मापांनी ते धरण कायद्याला लहानच ठरले असते. ज्या संस्थेच्या वा गावाच्या आवारात असे लहान तळे आहे, तेथील कारभाऱ्यांनी यंदाच्या पावसाळ्यापूर्वी जाणकार अभियंत्याला बरोबर घेऊन त्याच्या बांधावरून एकदा चालून यावे, एवढीच आमची विनंती आहे.