हे वय आहे का?

गेल्या हिवाळ्यात मी आणि बाबा आरएक्स १०० वर नांदेडहून लातूरला निघालो. लोह्याला पेट्रोल भरलं. मी पैसे द्यायला गेलो, बाबा गाडी धरून उभे होते. पंपावरचा पोरगा त्यांना म्हणाला, "काका, पोराची गाडी घेऊन हिंडायलाव का?" लातुरात गंजगोलाईजवळ गाडी लावली, बाबा चहा सांगायला गेले. तेवढ्यात साठीचे एक गृहस्थ जवळ आले. "वडिलांची दिसते. जपून चालव. तुम्हा पोरांना नुसता आवाज पाहिजे."

गाडी एकच. ती बाबांच्या हातात असली की वयाला शोभत नाही आणि माझ्या हातात असली की अक्कल नाही. मग ती शोभते तरी कुणाला? या प्रश्नासाठी थोडं मागे जावं लागतं.

परदेशात हेच जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत होतं. इंग्लंडची एमजीबी १९६२ ते १९८० या काळात बनली. उघड्या टपाची, छोटी, पगारदार तरुणाला परवडेल अशी. आज तीत पिकल्या केसांचा माणूस दिसला की म्हातारचळ म्हणायचं, तरुण दिसला की बापाचा पैसा. आपल्याकडे स्पोर्ट्‌स कार दिसली ती सिनेमात. नांदेड-लातूरच्या पोराची स्पोर्ट्‌स कार दोन चाकांवरच आली.

बाबांचा जन्म १९६४ चा. त्यांच्या लहानपणी घरची गाडी म्हणजे स्कूटर. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकसाठी लोकांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली. खेड्यात दुधाच्या कॅन लटकवलेली राजदूत. आणि जरा ऐटबाज माणसाकडे म्हैसूरची जावा, पुढे येझदी. तिचा किक आणि गिअरचा दांडा एकच, त्यामुळे नवख्याला सुरूच करता यायची नाही. १९८३ मध्ये ३५० सीसीची राजदूत आली. ती वेगाला अफाट, पण पेट्रोल इतकं प्यायची की तरुणाने फक्त बघावी. ती खपली नाही, बंद पडली. आज जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये सगळ्यात जास्त मान तिलाच आहे.

ऐंशीच्या दशकात सरकारने जपानी कंपन्यांशी भागीदारीला वाट दिली आणि १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन जेमतेम क्विंटलभर. १७५ सीसीच्या राजदूतपेक्षा इंजिन जवळजवळ निम्मं, ताकद मात्र जास्त. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. म्हणून ती अशी उसळते. पण याच रचनेत थोडं पेट्रोल न जळताच बाहेर जातं, सोबत ऑइलचा धूर. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि १९९६ मध्ये आरएक्स १०० बंद झाली. त्याच वर्षी म्हैसूरचा कारखानाही थांबला.

माझा जन्म १९९७ चा. म्हणजे मी ज्या गाडीवर जीव टाकतो, ती मी जन्मायच्या आधीच संपलेली होती.

बाबांनी त्यांची आरएक्स २००३ मध्ये विकली. आम्ही दोघं भावंडं, चौघं त्या सीटवर मावायचो नाही आणि पेट्रोल परवडायचं नाही. त्यांनी जास्त ॲव्हरेज देणारी गाडी घेतली. लोक म्हणाले, आता वय झालं, शहाणा झाला. पण त्यांचं वय तेव्हा होतं एकोणचाळीस! संपलं होतं ते महिन्याचं बजेट. आपण हिशेबाला वय म्हणतो, हे मला फार उशिरा कळलं.

बुलेटचं उलट झालं. ती लष्कराची, पोलिसांची, गावच्या पाटलाची गाडी. २००० मध्ये तिच्या कंपनीची सूत्रं सिद्धार्थ लाल यांच्याकडे आली, तेव्हा ते विशीत होते. २००९ मध्ये जुन्या रूपाची आणि नव्या इंजिनाची क्लासिक आली आणि पाटलांची गाडी कॉलेजच्या पोरांची झाली. गाडीला जन्मजात वय असतं तर हे झालंच नसतं.

२०२२ मध्ये मी लातूर पासिंगची १९९३ ची आरएक्स घेतली. नांदेडच्या गॅरेजमध्ये सत्तरीचे उस्ताद नुसत्या आवाजावरून टायमिंग बसवतात. माझी डिग्री आणि मल्टिमीटर बाजूला पडले. पण पिस्टन मिळेना, तेव्हा तो फोनवर शोधून मागवला त्यांच्या एकोणीस वर्षांच्या नातवाने. दोघांपैकी एकजण नसता तर गाडी भंगारातच गेली असती.

आरटीओचा नियम या बाबतीत आपल्यापेक्षा समजूतदार आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी, पर्यावरण कर आणि परत पाच वर्षं. माणसाच्या लायसन्सचंही तसंच. पंचावन्न ओलांडली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण, सोबत डॉक्टरचं प्रमाणपत्र. दोघांनाही विचारतात ते एवढंच, की अजून नीट चालतंय का? वय झालं म्हणून घरी बसा, असं कुणी म्हणत नाही. दिल्लीत तसं झालं. तिथे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी उचलून धरली. हवा विषारी होती, कारण खरं होतं. माझी गाडीही धूर सोडते, तो शौक म्हणून माफ होत नाही. म्हणून ती मी ऑफिसला नेत नाही आणि सायलेन्सर कंपनीचाच ठेवलाय.

घेतल्यापासून तीन वर्षं बाबा तिच्यावर फक्त मागे बसले. चालवा म्हटलं की एकच उत्तर, "हे वय आहे का?"

लातूरहून परतताना अहमदपूर ओलांडलं आणि त्यांनी पाठीवर थाप मारली. "थांब. तू चौथा गिअर लवकर टाकायलास." ते पुढे बसले. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. माळाकोळीपर्यंत एक शब्द नाही. मी मागे, त्यांच्या जर्किनला धरून, सहा वर्षांचा असताना धरायचो तसाच.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून लायसन्स काढून तारीख पाहिली. "माझं २०२९ पर्यंत आहे. हिचं?"

"२०२८."

"मग आधी हिचं पासिंग करून घे," म्हणाले आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.