बिनतारी कळफलक

संगणकाला वायरने न जोडता, बहुधा रेडिओलहरींच्या साहाय्याने अक्षरे व आज्ञा पोचविणारे टंकनसाधन. अक्षरे व अंक यांच्या कळांखेरीज आवाज कमी-जास्त करणाऱ्या, ध्वनिचित्रफीत सुरू किंवा बंद करणाऱ्या, गणकयंत्र उघडणाऱ्या अशा अनेक कळा त्यावर असतात. त्यांतील पहिल्या दोन प्रकारच्या कळांना माध्यम-कळा आणि ठरावीक काम एका दाबात उरकणाऱ्या इतर कळांना किंवा कळांच्या जोड्यांना शॉर्टकट कळा म्हणतात. आयबीएम कंपनीने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ‘पीसीज्युनियर’ या घरगुती संगणकाचा कळफलक बिनतारीच होता, परंतु तो अवरक्त किरणांवर चालत असल्यामुळे त्याच्या आणि संगणकाच्या मध्ये काही आले की संदेश तुटत असे.

आजचे बहुतेक बिनतारी कळफलक २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. काही कळफलकांसोबत यूएसबी खाचेत बसविण्याचा नखाएवढा रिसीव्हर येतो, ज्याला दुकानात ‘डोंगल’ म्हणतात, तर काही थेट ब्लूटूथने जोडले जातात. वाय-फायदेखील या पट्ट्याचा आधार घेत असल्याने दाट वस्तीत संदेशांची गर्दी होते. नागपुरातील रामदासपेठ आणि शेजारची धंतोली हा रुग्णालयांचा व दवाखान्यांचा परिसर असून तेथील इमारतींत मजल्यागणिक वेगवेगळी वाय-फाय जाळी चालू असतात. तरीही अक्षरे गळण्याचे कारण पुष्कळदा टेबलाखालीच सापडते : संगणकाची धातूची पेटी खाली, डोंगल तिच्या मागच्या बाजूला आणि त्याला लागूनच यूएसबी ३.० जातीची हार्ड डिस्क. यूएसबी ३.० मधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास विद्युतगोंगाट बाहेर पडतो, हे इंटेल कंपनीने २०१२ च्या एका टिपणात दाखवून दिले आहे. अशा वेळी नवा कळफलक विकत घेण्याआधी डोंगल पुढच्या खाचेत लावून पाहणे किंवा छोट्या जोडवायरने ते टेबलावर आणणे अधिक शहाणपणाचे ठरते.

माध्यम-कळा अक्षरांच्या कळांपेक्षा वेगळ्या वाटेने काम करतात. यूएसबीच्या मानकात अक्षरांचे संकेत एका तक्त्यात, तर आवाज, विराम, पुढचे गाणे इत्यादींचे संकेत ‘कन्झ्युमर पेज’ नावाच्या दुसऱ्या तक्त्यात नोंदलेले आहेत. या ठरलेल्या संकेतांमुळे कोणत्याही कंपनीची आवाजाची कळ वेगळे सॉफ्टवेअर न टाकता बहुतेक संगणकांवर चालते. उलट कंपनीने स्वतःच्या कल्पनेने दिलेली खास कळ तिचे सॉफ्टवेअर नसल्यास निरुपयोगी राहते. एफ-१ ते एफ-१२ या कळांवरच माध्यम-नियंत्रणे बसविलेली असतील, तर ‘एफएन’ ही कळ त्या दोन अर्थांमध्ये बदल घडविते. व्याख्यान देणाऱ्याने पडद्यावर सादरीकरण सुरू करण्यासाठी एफ-५ दाबावे आणि भलतेच काही घडावे, असे होते ते कळफलक माध्यम-स्थितीत असल्यामुळे; अनेक कळफलकांत एफएन व एस्केप या कळा एकत्र दाबून ही स्थिती कायमची बदलता येते.

मराठीत लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाची शॉर्टकट कळ भाषा बदलण्याची होय. विंडोजमध्ये त्यासाठी विंडोज-कळ व स्पेसबार एकत्र दाबावे लागतात. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात समाविष्ट असलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताकडे आणि बहुतांश व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘रामदासपेठ’ हा शब्द जे, ई, सी, ओ, ई, एम, एच, एस या कळांनी व शेवटी शिफ्टसह अवतरणचिन्हाच्या कळेने उमटतो. म्हणजे नऊ दाब, आणि त्यांत शिफ्टचा आधार फक्त ‘ठ’ला. ‘डॉक्टर’ लिहिताना ‘क’नंतर डी या कळेवरचा हलन्त दिला की जोडाक्षर तयार होते, पण ‘ॉ’ हे चिन्ह उलट्या तिरक्या रेघेच्या कळेवर असते आणि काही आटोपशीर कळफलकांत नेमकी तीच कळ आखूड केलेली किंवा जागा बदललेली आढळते. मराठी मांडणी चालू असतानाही कंट्रोल व सी यांची जोडी नक्कल करण्याचेच काम करते, कारण विंडोज अशा जोडीत कळेवरचे ‘म’ न पाहता तिची मूळ ओळख पाहते. रोमन अक्षरांच्या उच्चारावरून मराठी लिहिण्याची सोय विंडोजमध्ये २०१९ पासून उपलब्ध आहे. टंकलेखन यंत्रावर शिकलेले अनेकजण अजूनही रेमिंग्टन मांडणी पसंत करतात.

जपानी व कोरियन कळफलकांवर लिपी बदलण्याची स्वतंत्र कळ असते. वर उल्लेखिलेल्या ‘कन्झ्युमर पेज’ तक्त्यात पुढची मांडणी निवडण्याचा संकेतही नोंदलेला आहे, म्हणजे तांत्रिक अडचण काहीच नाही. तरीही महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या बहुतेक बिनतारी कळफलकांवर ना ती कळ असते ना देवनागरी अक्षरे छापलेली असतात. गाणे थांबविण्यासाठी एक कळ आणि स्वतःच्या भाषेकडे वळण्यासाठी दोन, ही वाटणी अन्यायाची आहे. कंपनीचे सॉफ्टवेअर एखाद्या रिकाम्या कळेला विंडोज व स्पेस यांची जोडी नेमून देऊ देत असेल, तर मराठी लेखकाने ती सोय अवश्य वापरावी.

बिनतारी संदेश चोरून वाचला जाऊ शकतो. २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी अनेक कंपन्यांचे स्वस्त कळफलक दाबलेली प्रत्येक कळ सांकेतिक लिपीत न बदलता तशीच हवेत सोडतात, असे दाखविले होते. रुग्णाचे नाव, आजार आणि औषधे जेथे टंकित होतात तेथे ही बाब किरकोळ नव्हे. खोक्यावर एईएस-१२८ या संकेतन-पद्धतीचा उल्लेख आहे की नाही हे पाहूनच अशा ठिकाणी खरेदी करावी.

बहुतेक कळफलक दोन पेन्सिल सेलवर किंवा दोन बारीक पेन्सिल सेलवर कित्येक महिने चालतात, कारण कळ दाबली जात नाही तेव्हा त्यांतील परिपथ जवळजवळ निद्रिस्त असतो. उष्णतेने सेल आपोआप उतरण्याचा व गळण्याचा वेग वाढतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जात असल्यामुळे उन्हाळ्याच्या सुटीत खोली बंद ठेवताना सेल काढून ठेवणे आवश्यक असते. गळलेल्या सेलमधील क्षाराने स्प्रिंग गंजली की कळफलक बंद पडू शकतो.