पेट्रोल कुणी महाग केलं?

१२ नोव्हेंबर १९७३. अटलबिहारी वाजपेयी आणि जनसंघाचे आणखी दोन खासदार त्या दिवशी संसदेत आले ते बैलगाडीत बसून. इंदिरा गांधींच्या सरकारनं पेट्रोल आणि रॉकेलचे भाव वाढवले होते, त्याचा हा निषेध. त्याच सुमारास पेट्रोल वाचवा हा संदेश द्यायला इंदिराबाई स्वतः घोडागाडीतून निघाल्या होत्या. म्हणजे सरकार घोड्यावर, विरोधक बैलावर आणि जनता रॉकेलच्या रांगेत.

त्या बैलगाडीचा कृष्णधवल व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधी ना कधी आला असेल. पेट्रोल वाढलं की तो फिरायला लागतो. पाठवणारे कधी काँग्रेसवाले असतात, कधी भाजपवाले, आणि दोघांनाही तो आपल्याच बाजूचा पुरावा वाटतो. मला त्या व्हिडिओतला एकच शब्द अडला : रॉकेल. पेट्रोलच्या भांडणात रॉकेल का होतं, हे शोधायला गेलो आणि पार शंभर वर्षं मागे जाऊन पोचलो.

मी परभणीचा. ‘राज्यात सर्वात महाग पेट्रोल परभणीत’ ही बातमी ऐकत आमची एक पिढी मोठी झाली. त्यामुळे ‘दोष कुणाचा’ हा प्रश्न आमच्याकडे चहाच्या टपरीवर रोजचाच. उत्तरंही ठरलेली असतात : मोदी, मनमोहन, अरब, अंबानी. आणि यातलं कुणीच समोर नसल्यामुळे शिव्या खातो तो पंपावरचा पोरगा. लिटरमागे पंपमालकाला काही रुपये कमिशन, आणि त्या पोराला पगार किती, हे तुम्हीच त्याला एकदा विचारा.

तर शंभर वर्षांपूर्वी. १९२७ साली तेलाच्या धंद्यातलं एक मोठं जागतिक भांडण पेटलं ते हिंदुस्थानात. न्यूयॉर्कची स्टँडर्ड ऑइल कंपनी रशियाकडून स्वस्त रॉकेल घेऊन इथं विकायला लागली. रॉयल डच शेलचा सर्वेसर्वा हेन्री डेटर्डिंग खवळला. बोल्शेविकांनी मालकांकडून हिसकावलेलं हे तेल म्हणजे चोरीचा माल, असं त्याचं म्हणणं. त्यानं हिंदुस्थानात भाव पाडले. स्टँडर्डनंही पाडले. बघता बघता ही भावाची लढाई जगभर पसरली. आपल्या पणजीच्या घरातल्या दिव्याचं तेल त्या वर्षी स्वस्त झालं ते दोन साहेबांच्या भांडणामुळे, कुणाच्या दयेनं नाही.

भांडण परवडेना तेव्हा १९२८ मध्ये डेटर्डिंगनं स्कॉटलंडमधला अॅक्नाकॅरी नावाचा एक वाडा भाड्यानं घेतला. निमित्त शिकारीचं. पाहुणे म्हणजे न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलचा वॉल्टर टीगल आणि अँग्लो-पर्शियन कंपनीचा जॉन कॅडमन. पक्ष्यांची शिकार किती झाली कोण जाणे, पण तिथं ठरलं ते असं : ज्याचा बाजारात जेवढा वाटा आज आहे तेवढाच पुढे राहील, आपसात भाव पाडायचे नाहीत. त्याच वर्षी हिंदुस्थानातल्या विक्रीसाठी बर्मा ऑइल आणि शेल एकत्र आले आणि बर्मा-शेल जन्माला आली.

आता यातली खरी गंमत. तेलाची किंमत धरायची ती अमेरिकेतल्या मेक्सिकोच्या आखातातला भाव, अधिक तिथून तुमच्या बंदरापर्यंतचं जहाजभाडं. तेल प्रत्यक्षात कुठूनही येवो! इराणच्या अबादानहून मुंबईला येणारं तेल चार-पाच दिवसांच्या वाटेवरचं, पण हिशेबात ते अर्धी पृथ्वी ओलांडून आलेलं. जे भाडं कुणी कुणाला दिलंच नाही ते मुंबईचं गिऱ्हाईक भरत होतं. दुसऱ्या महायुद्धात खुद्द ब्रिटिश आरमाराला असं तेल घ्यायची वेळ आली, तेव्हा कुठं साहेबाला हे सूत्र खुपायला लागलं.

स्वातंत्र्यानंतर कंपन्या त्याच राहिल्या. मुंबईत तुर्भ्याला १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची, म्हणजे पुढच्या एस्सोची, रिफायनरी सुरू झाली आणि १९५५ मध्ये शेजारी माहुलला बर्मा-शेलची. २५ वर्षं राष्ट्रीयीकरण करणार नाही, अशी हमी देऊन सरकारनं त्यांना बोलावलं होतं. १९६० मध्ये सोव्हिएत रशियानं भारताला स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं. मंत्री होते केशवदेव मालवीय. सरकारनं कंपन्यांना सांगितलं, हे तेल शुद्ध करून द्या. कंपन्यांनी साफ नकार दिला. मात्र रशियाचा भाव एकदा टेबलावर आल्यावर त्यांनी आपल्या तेलावर सूट द्यायला सुरुवात केली. कालपर्यंत जो भाव म्हणजे देवाची करणी होती, त्यात एका पत्रानं फरक पडला. पुढच्याच वर्षी दामले समितीनं या कंपन्यांचे हिशेब तपासले. आयातीच्या भावाशी बांधलेलं सूत्र समितीनं मोडलं नाही, पण त्याला कात्री लावली. भाव कसा ठरतो हे सरकारनं कंपनीला खडसावून विचारायला सुरुवात केली, याचंच मला अप्रूप वाटतं.

मग आलं १९७३. ऑक्टोबरमध्ये आखाती देशांनी कच्च्या तेलाचा जाहीर भाव पिंपाला ३.०१ डॉलरवरून ५.१२ डॉलर केला, आणि १ जानेवारी १९७४ पासून ११.६५ डॉलर. तीन महिन्यांत जवळपास चौपट. बैलगाडी निघाली ती या दोन तारखांच्या मधे.

आणि इथं रॉकेल येतं. १९७३ मध्ये पेट्रोल किती घरांना लागत होतं? मोटार असलेल्यांना आणि वर्षानुवर्षं नंबर लावून स्कूटर मिळवलेल्यांना. रॉकेल मात्र प्रत्येक घराला लागायचं, चुलीला आणि दिव्याला. १९७२ पासून मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या, थाळ्या बडवत होत्या. त्यांच्या मागण्यांत धान्य होतं, तेल होतं, साखर होती, रॉकेल होतं. पेट्रोलसाठी कुणी लाटणं उचललं नसतं.

सरकारनं पुढे जी व्यवस्था उभी केली ती याच समजुतीवर. एस्सो १९७४ मध्ये ताब्यात आली आणि हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. १९७६ मध्ये बर्मा-शेल आली, तिचं भारत पेट्रोलियम झालं. कॅल्टेक्सही गेली. मग भाव सरकार ठरवू लागलं. ‘ऑइल पूल’ नावाचा एक हिशेब होता. सोप्या भाषेत सांगायचं तर एक सामायिक डबा. पेट्रोल महाग विकायचं, त्यातले जास्तीचे पैसे डब्यात टाकायचे, आणि त्यातून रॉकेल आणि गॅस स्वस्त द्यायचा. श्रीमंताच्या मोटारीनं गरिबाची चूल पेटवायची. मला ही कल्पना तेव्हाच्या काळात चुकीची वाटत नाही.

पण डब्याचं झाकण लागायच्या आतच पेट्रोलचं गिऱ्हाईक बदलायला लागलं होतं. १९७२ मध्येच पुण्यात फिरोदियांची लूना आली होती. पुढे एम-८० आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आली. मास्तर, दूधवाला, ग्रामसेवक, विमा एजंट, सगळे पेट्रोलवर आले. माझे वडील त्यातलेच. एम-८० वर पाथरी, मानवत, जिंतूर अशी त्यांची फिरती. त्यांच्या डायरीत खर्चाचा पहिला रकाना पेट्रोलचा असायचा, किराण्याच्याही आधी. पेट्रोलियम मंत्रालयासाठी केलेल्या एका पाहणीचे आकडे २०१४ मध्ये जाहीर झाले. देशातलं ६१ टक्क्यांहून जास्त पेट्रोल दुचाकींच्या टाकीत जातं. मोटारींच्या नाही.

म्हणजे ‘पेट्रोल ही श्रीमंतांची चैन’ या गृहीतकावर बसवलेला कर तसाच राहिला आणि खालचा माणूस बदलला. या सगळ्या इतिहासात मला सर्वात मोठी गोष्ट हीच वाटते, आणि तिच्यासाठी एकही बंद झालेला नाही.

बंद झाले ते दुसऱ्याच गोष्टींवर. १ एप्रिल २००२ ला सरकारी भावाची व्यवस्था कागदोपत्री संपली. पंतप्रधान वाजपेयी, पेट्रोलियम मंत्री मुंबईचे राम नाईक. बैलगाडीतले वाजपेयी आणि हे वाजपेयी यांत २८ वर्षं गेली होती. पुढच्या सरकारनं भाव पुन्हा हळूच हातात घेतला आणि तोटा भरायला तेल कंपन्यांना रोख्यांचे कागद दिले. एकूण १ लाख ३० हजार कोटींच्या वर. जून २०१० मध्ये पेट्रोल पुन्हा मोकळं केलं, तर ५ जुलैला विरोधकांचा भारत बंद. मे २०१२ मध्ये एका फटक्यात साडेसात रुपये वाढले, ३१ मेला पुन्हा बंद. त्या बंदवाल्यांचं सरकार आल्यावर १० सप्टेंबर २०१८ ला काँग्रेसचा बंद. फलक तेच, फोटो बदलले.

त्यातही २०१४ नंतरचं प्रकरण जरा नीट बघण्यासारखं आहे. २०१४ च्या जूनमध्ये कच्चं तेल पिंपाला ११० डॉलरच्या वर होतं. जानेवारी २०१६ मध्ये ते ३० च्या खाली गेलं. या घसरणीत केंद्रानं नऊ वेळा उत्पादन शुल्क वाढवलं, पेट्रोलवर लिटरला ९.४८ रुपयांचं २१.४८ झालं. कोरोनात तेल पुन्हा कोसळलं. २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकेतला वायद्याचा भाव शून्याखाली गेला. मार्च ते मे या काळात केंद्रानं पेट्रोलवर आणखी १३ रुपये चढवले. आपण घरात बसून होतो, गाड्या बंद होत्या, कुणाच्या लक्षात आलं नाही. गाड्या बाहेर काढल्या तेव्हा आलं. २९ मे २०२१ ला मुंबईत साधं पेट्रोल शंभरीपार गेलं. उत्तर मिळालं : जुने रोखे फेडायचे आहेत. रोखे खरे होते, व्याजही खरं होतं. पण सात वर्षांत त्यांवर गेलेलं व्याज ७० हजार कोटींच्या आसपास, आणि २०२०-२१ या एकाच वर्षात पेट्रोल-डिझेलच्या उत्पादन शुल्कातून आलेले पैसे ३ लाख ३५ हजार कोटी. हा दुसरा आकडा सरकारनंच संसदेत दिला होता.

राज्यांनी लगेच बोट दिल्लीकडे केलं. त्यात तथ्य होतं. २०२१ मध्ये पेट्रोलवर केंद्राचे लिटरला ३२.९० रुपये होते, त्यातलं राज्यांबरोबर वाटून घ्यायचं मूळ शुल्क फक्त १.४० रुपये. बाकी सगळं उपकर आणि विशेष शुल्क या नावाखाली, ज्यात राज्यांना वाटा नाही.

पण महाराष्ट्रानं सोवळ्यात राहू नये. आपला व्हॅट टक्क्यांत असतो, म्हणजे दिल्लीनं कर वाढवला की त्यावर आपलाही आपोआप वाढतो. वर अधिभार वेगळा. २०१५ मध्ये दुष्काळासाठी लिटरला २ रुपये लावले. दुष्काळ खरा होता, आम्ही मराठवाड्यातले, आम्हाला सांगायला नको. पुढच्या वर्षी पाऊस झाला, नद्या वाहिल्या, अधिभार गेला नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं हायवेवरची दारूची दुकानं बंद झाली, राज्याचं उत्पन्न बुडालं, आणि पेट्रोलवर आणखी ३ रुपये आले. हायवेवर दारू न पिणाऱ्यानं न प्यायलेल्या दारूचा कर भरला. हा विनोद मला अजूनही जमत नाही. तो आधीच झालेला आहे.

परभणीचं कोडं त्यामानानं सोपं. आमचं पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकरनं येतं, सुमारे तीनशे किलोमीटर. डेपोपासून आम्ही लांब, म्हणून भाडं जास्त. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत १२०.५१ रुपये भाव होता तेव्हा आमच्याकडे १२३ च्या वर गेला. अबादानच्या तेलावर मेक्सिकोचं भाडं भरणारे आमचे पूर्वज, आम्ही निदान खऱ्या रस्त्याचं भाडं भरतो. रस्ता कसा आहे हा विषय वेगळा.

राहिला ‘बाजार भाव ठरवतो’ हा मुद्दा. जून २०१७ पासून भाव रोज बदलतील असं ठरलं होतं. पण नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीपासून पुढचे १३७ दिवस तो हललाच नाही. मधे युक्रेनचं युद्ध सुरू झालं, तेल १२० डॉलरच्या पुढे गेलं, तरी नाही. मधे उत्तर प्रदेशची निवडणूकही होती. मतदान, निकाल सगळं आटोपलं आणि २२ मार्च २०२२ पासून जवळपास रोज, बहुतेकदा ८०-८० पैशांनी वाढत पंधरवड्यात १० रुपये चढले. त्यानंतर केंद्रानं मे महिन्यात आणि राज्यानं जुलैमध्ये कर कमी केला. पुढे भाव पुन्हा गोठला तो मार्च २०२४ पर्यंत, लोकसभेच्या तोंडावर २ रुपये स्वस्त होईपर्यंत. त्या वर्षी तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना मिळून सुमारे ८१ हजार कोटींचा नफा झाला. आदल्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत त्यांनी तोटा सोसला होता, हेही सांगायला हवं.

एप्रिल २०२५ मध्ये कच्चं तेल उतरलं आणि केंद्रानं उत्पादन शुल्क पुन्हा २ रुपयांनी वाढवलं. पंपावरचा भाव तोच ठेवला. त्या आठवड्यात मी परभणीतच होतो. टपरीवर नेहमीची मंडळी होती, चहा नेहमीचा होता. आयपीएलवर वाद झाला, उन्हाळ्यावर झाला, कापसाच्या भावावर तर अर्धा तास. पेट्रोलचा विषय निघाला नाही. मी माझी पंपावरची पावती काढून बघितली. हॉटेलात दोन इडल्या खाल्ल्या तरी बिलावर जीएसटीच्या ओळी वेगळ्या येतात. या पावतीवर लिटर होते, दर होता, एकूण रक्कम होती. कराची ओळ नव्हती.