आकड्यांवर राग का?

सी भाषेतल्या प्रोग्रॅमचे संदेश वापरणाऱ्याच्या भाषेत दाखवायचे म्हटले, की बहुतेक जण डोळे मिटून गेटटेक्स्ट या साधनसंचाकडे बोट दाखवतात. एक्स/ओपन या युनिक्स मानकगटाच्या काळातले कॅटगेट्स हे फंक्शन त्यांच्या लेखी अडगळ. त्यांचा युक्तिवाद हलका नाही. कॅटगेट्समध्ये प्रत्येक संदेशाला संच-क्रमांक आणि संदेश-क्रमांक द्यायचा. क्रमांक घसरले तर 'फाइल सापडली नाही'च्या जागी 'डिस्क भरली' झळकणार. आणि कोडमध्ये नुसते आकडे दिसणार. गेटटेक्स्टमध्ये मात्र इंग्रजी वाक्य हीच किल्ली.

शेवटचा आक्षेप आधी घेऊ, कारण तो सरळ चुकीचा आहे. कॅटगेट्सला कॅटलॉग, संच आणि क्रमांक यांच्या जोडीला चौथे मूळ वाक्यही द्यावे लागते. संदेश सापडला नाही, तर तेच परत मिळते. मग कोडमध्ये वाक्य नसते, हे आले कुठून?

क्रमांक घसरण्याची भीती खरी. पण एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या संदेशाला द्यायचा नाही, एवढे पथ्य पाळले की ती उरत नाही.

आता त्या किल्लीकडे पाहू. इंग्रजी संदेशातले एक स्पेलिंग दुरुस्त करा, किल्ली बदलली. गेटटेक्स्टचे एमएसजीमर्ज हे साधन जुने भाषांतर अंदाजाने नव्या वाक्याला जोडते, पण त्यावर 'फझी' शिक्का मारते. आणि प्रोग्रॅम वाचतो ती एमओ फाइल बनवणारे एमएसजीएफएमटी फझी नोंदी एरवी तिच्यात घेतच नाही. म्हणजे मराठी भाषांतर अचूक असूनही पडद्यावर इंग्रजी. चूक इंग्रजीची, शिक्षा मराठीला! कॅटगेट्समध्ये क्रमांक तोच राहतो, भाषांतर जागचे हलत नाही.

प्रतिपक्ष म्हणेल, फझी हे संरक्षण आहे. मूळ अर्थ बदलल्यावर जुने भाषांतर खपून जाऊ नये. मान्य. कॅटगेट्स हा बदल ओळखत नाही, तिथे नवा क्रमांक माणसानेच द्यायचा. पण अर्थ बदलला की फक्त अक्षर, हे गेटटेक्स्टला तरी कुठे कळते? शिक्का दोन्हींवर सारखाच. शिवाय वाक्य हीच पुरेशी ओळख असती, तर एकाच वाक्याचे दोन प्रसंग वेगळे करण्यासाठी 2006 मध्ये गेटटेक्स्टला संदर्भाची जोड का द्यावी लागली?

अनेकवचनासाठी एनगेटटेक्स्टला कॅटगेट्सकडे तोड नाही, आणि कोडमधून संदेश वेचणाऱ्या एक्सगेटटेक्स्टलाही नाही. तेवढ्यासाठी कोणी गेटटेक्स्ट निवडले, तर तक्रार नाही. तक्रार 'अडगळ' म्हणण्याबद्दल आहे. 2024 च्या पॉझिक्स मानकाने गेटटेक्स्टला आत घेतले, तेव्हाही कॅटगेट्सला बाहेर काढलेले नाही.