लेण्याद्रीचे लेख आणि उपाहारगृहांतील सेवक

लेण्याद्रीचें चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त यानें दिलें, असें तेथील ब्राह्मी लेख सांगतो. जुन्नरच्या दुसऱ्या एका लेखांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टाकें दिल्याची नोंद आहे. दात्यांचीं नांवें अशीं टिकलीं. त्या श्रेणीच्या दुकानांत धान्य मापणाऱ्या मजुराचें नांव वा वेतन मात्र या दानलेखांत नाहीं.

यावरून सेवकाच्या हक्काचा विचारच नव्हता, असें म्हणतां येत नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांत शिजविलेलें अन्न विकणाऱ्यास 'औदनिक' ही संज्ञा आहे. आणि वेतन बुडविणाऱ्या धन्यास त्या वेतनाचा दहावा भाग किंवा सहा पण दंड सांगितला आहे.

मुंबई इलाख्यांत दुकानें व उपाहारगृहें यांसाठीं १९३९ सालीं अधिनियम झाला. १९४८ च्या अधिनियमानें उपाहारगृहांतील नोकराचें दिवसाचें काम नऊ तासांपुरतें मर्यादित केलें. त्याची जागा २०१७ च्या महाराष्ट्र अधिनियमानें घेतली. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांस अशा ठिकाणीं कामास ठेवण्याची बंदी झाली.

गिरिजात्मजाच्या यात्रेकरूंस जेवूं घालणाऱ्या चालकांनीं हजेरीपट व वेतनपत्रक नीट राखावें. तें केवळ तपासनिसासाठीं नव्हे. धुणीं-भांडीं करणाऱ्या पोराचें नांव पुढील संशोधकास दुसरीकडे क्वचितच सांपडेल. म्हणून संग्राहक बंधूंस आमची विनंति आहे कीं, जुन्या खाणावळींचे हजेरीपट रद्दींत जाण्यापूर्वीं मिळवावे व दप्तरखान्यांत बखरींशेजारीं ठेवावे.